खेड्यातल्या छोट्या कॉलेजच्या दारात लावलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या फलकावर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला बारावी सायन्सला ६४ टक्के पडलेत. घरापासून नऊ किलोमीटरवर एक छोटं कॉलेज आहे. तिथे बी.एस्सी.ला घालावं की साताऱ्याला होस्टेलवर ठेवावं? आणि कॉलेजच्या दारातल्या फलकावर जे फौजदार, पीएचडीवाले, सुवर्णपदकवाले झळकतायत ते खरे धरावेत का?

असला फलक मी स्वतः बरीच वर्षं लिहिलाय. माणदेशातल्या एका अनुदानित कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे आणि नॅकच्या पाचव्या निकषाचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. नॅक म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी परिषद, १९९४ साली स्थापन झालेली. तिच्या पाचव्या निकषात, तुमच्याकडून शिकून गेलेल्या पोरांचं पुढे काय झालं, हे पुराव्यासकट दाखवावं लागतं. म्हणून सांगते, फलकावरची नावं बहुतेक खरी असतात. खोटं नाव लावायला आपली गावं फार लहान आहेत, दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या टपरीवर बोभाटा होतो. गोम असते ती नावाखालच्या ओळीत.

‘विद्यापीठात द्वितीय’ असं दिसलं तर त्या वर्षी तो विषय स्पेशलला किती जणांनी घेतला होता, ते विचारा. आमची एक विद्यार्थिनी अशी दुसरी आली तेव्हा आम्ही पेढे वाटले, पेपरात बातमी दिली. अख्ख्या विद्यापीठात तो विषय घेणारी मुलं दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पोरगी हुशार होती, त्यात शंका नाही. पण एवढा खुलासा फलकावर मावत नाही.

खेळाचंही तसंच. झोनल, इंटरझोनल, मग विद्यापीठाचा संघ आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही शिडी असते. ‘विद्यापीठ संघात निवड’ ही ओळ दिसायला साधी, पण तिच्यामागे खरा घाम असतो. उलट एखादी खाजगी संस्था प्रवेश फी घेऊन परदेशात स्पर्धा भरवते, सगळ्यांना काही ना काही गळ्यात घालते, आणि पोरगं ‘आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेता’ होऊन परत येतं. गावात मिरवणूकही निघते. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा कळतं त्याची किंमत काय ते.

फौजदाराची गंमत वेगळी. तो आमच्याकडे तीन वर्षं होता हे खरंच. पुढची चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेत गेली, त्यासाठी वडिलांनी दोन म्हशी विकल्या. निकाल लागला तेव्हा त्याचा एकच फोटो मी चार ठिकाणी पाहिला: आमच्या दारात, त्याच्या हायस्कूलच्या दारात, पुण्याच्या क्लासच्या जाहिरातीत आणि भावी आमदारांच्या फ्लेक्सवर. माणला लोक अधिकाऱ्यांचा तालुका म्हणतात, त्यामुळे प्रत्येक अधिकाऱ्यावर इथे हक्क सांगणारे पुष्कळ असतात. आमचा वाटा काय होता? परीक्षा जवळ आली की ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवायचो, एवढंच. त्याच्या घरी एका खोलीत सहा माणसं, त्यामुळे हेही कमी नव्हतं, पण फौजदार आम्ही घडवला म्हणणं जरा जास्तच होईल.

म्हणजे फलक वाचूच नका असं नाही. पण त्यावर कोण नाही, तेही बघायला हवं.

आमच्या भागात ‘दुकानावर गेला’ असं म्हणतात. परक्या माणसाला ते कळणार नाही. विटा, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा, आणि त्यांची दुकानं पार तमिळनाडू-केरळपासून पंजाबपर्यंत पसरलीत. कुणाचा मामा, कुणाचा चुलता तिकडे असतोच. पाऊस नाही झाला की एस.वाय.चं (दुसऱ्या वर्षाचं; पहिलं एफ.वाय., तिसरं टी.वाय.) पोरगं दिवाळीनंतर वर्गात दिसेनासं होतं. मग कळतं, दुकानावर गेला.

नॅकसाठी मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायचे. पुरावा लागायचा ना! ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र, पुढच्या प्रवेशाची पावती. असाच एक फोन कोइमतूरला लागला. पलीकडून म्हणाला, ‘मॅडम, मी टी.वाय.ला नव्हतोच, मला कशाला मोजताय?’ त्याच्या नावाची माझ्याकडे चूक झाली होती. पण फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, कुणाची परीक्षा फी अडली असेल तर सांगा. तेव्हापासून दर वर्षी दोघांची फी तो भरतो. आमच्या कागदात तो ‘गळती’च्या रकान्यात आहे.

दुसरा एक कमवा आणि शिका योजनेतला. या योजनेचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, आणि तिथे पोरं अंगमेहनत करून शिकली. आता बऱ्याच कॉलेजांत ही योजना पुस्तकांना कव्हर घालण्यापुरती आणि झाडांना पाणी घालण्यापुरती उरलीय. या पोराला मी प्रयोगशाळेत काचसामान धुवायला घेतलं. ब्युरेट, पिपेट धुता धुता तो उरलेल्या द्रावणांवर टायट्रेशन करून बघायला लागला. पहिल्यांदा ओरडले मी, मग वहीच करायला लावली. आज कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे, घरी पक्की भिंत आलीय, धाकट्या बहिणीला त्याने शिकवलं. फलकावर तो कधीच आला नाही, कारण आमच्या प्राचार्यांच्या मते ‘कंपनीतली नोकरी’ फलकावर लावण्याजोगी नव्हती. तुमची मुलगी बी.एस्सी. करणार असेल तर मी तुम्हाला फौजदारापेक्षा याच्याबद्दल जास्त विचार करायला सांगेन. कुरकुंभ, लोटे, महाड, पाताळगंगा इथल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत अशा कॉलेजांतून गेलेली कितीतरी पोरं-पोरी आहेत.

पोरींचं मात्र वेगळं सांगायला हवं. पहिल्या वर्षाला बाक पुरत नाहीत, तिसऱ्या वर्षाला पुढचे चार बाक भरतात. पोरं दुकानावर, भरतीला किंवा २०२२ नंतर अग्निवीरला जातात. पोरी मे महिन्यात कमी होतात. लग्नाची पत्रिका घेऊन वडील स्वतः येतात, ‘मॅडम, यायचं हं’ म्हणतात, आणि परीक्षेचं विचारलं की ‘सासरचे देऊ देतील की’ असं उत्तर ठरलेलं. काही सासरचे देऊ देतात. एकीची सासू टी.वाय.च्या परीक्षेला नातवाला घेऊन आली होती. लेडीज रूममध्ये दोन बाकांना लुगड्याची झोळी बांधली आणि सगळे पेपर होईपर्यंत रोज झोका देत बसली. ती सून आता गावात सेवा केंद्र चालवते, कॉलेजच्या निम्म्या पोरांचे शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे अर्ज तिच्याकडेच भरले जातात. स्वयंरोजगाराला नेमणुकीचं पत्र नसतं, त्यामुळे तीही आमच्या आकड्यात बसली नाही. मी शॉप अॅक्टचा दाखला जोडला होता, पण त्यावर नाव नवऱ्याचं होतं.

मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला धावपटू ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली होती. मोही माण तालुक्यातलंच गाव. त्यानंतर आमच्याकडे पहाटे डांबरीवर पळणाऱ्या पोरी दिसायला लागल्या, कारण मैदानात नुसता मुरूम. त्यातली ऑलिंपिकला कुणी गेली नाही. पण पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, त्याला २० गुण, आणि त्या पळण्याचा उपयोग तिथे झाला. दोघी शिपाई झाल्या. त्यांची लग्नं त्यांच्या सोयीने झाली, हे मला पदकापेक्षा मोठं वाटतं. कुणाला पटेल, कुणाला नाही.

आता तुमचं. माझं मत विचाराल तर ६४ टक्क्यांच्या मुलीला साताऱ्याच्या भरगच्च वर्गात मागच्या बाकावर बसण्यापेक्षा छोट्या कॉलेजात स्वतःच्या हाताने प्रॅक्टिकल करायला मिळत असेल तर ते बरं. होस्टेल आणि मेसचा खर्च वाचतो. एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात बसतो. पण ‘मिळत असेल तर’ हे महत्त्वाचं, म्हणून प्रवेशाआधी स्वतः जाऊन या. फलकापाशी रेंगाळू नका, सरळ ऑफिसात जा आणि विचारा: दोन वर्षांपूर्वी एफ.वाय.ला किती मुली होत्या आणि त्यातल्या यंदा टी.वाय.ला किती आहेत? क्लार्ककडे हजेरीपट असतो, पाच मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजा.

मग विभागात जा. कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, किती, ते विचारा. सीएचबीवाले वाईट शिकवतात असं मुळीच नाही, कित्येकदा आम्हा कायमवाल्यांपेक्षा जीव तोडून शिकवतात. पण पगार वेळेवर नाही, म्हणून वर्षाच्या मध्येच दुसरीकडे मिळालं की जातात, आणि मग अर्धा अभ्यासक्रम कोण शिकवणार हा प्रश्न उरतो. प्रयोगशाळेत डोकावा. बेसिनला पाणी येतंय का, रसायनांच्या बाटल्यांवर धूळ आहे का, ब्युरेट स्टँडला लावलेले आहेत की कपाटात कुलपात, एवढं बघितलं तरी पुरे. २०२४-२५ पासून नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, अशी रचना आलीय. चौथं वर्ष तिथेच होणार की तेव्हा तरी साताऱ्याला जावं लागणार, हे आत्ताच विचारून ठेवा.

आणि जाताना येताना एसटीनेच जा, गाडी काढू नका. आमच्या एका बॅचचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि शेवटची गाडी पाच दहाची होती. पोरी पावणेपाचलाच ॲप्रन काढायला लागायच्या, रीडिंग अर्धं सोडून. वेळापत्रक बदलून घ्यायला मला दोन वर्षं लागली. तुमच्याकडची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते कंडक्टरला विचारा. कॉलेजात जी वेळ सांगतात, ती बहुधा जुनी असते.