बाबांची सायकल विकू की ठेवू?

प्रश्न : इंग्लंडात ब्रिस्टलला हाताने बनवलेल्या सायकलींचं प्रदर्शन पाहिल्याचा ओझरता उल्लेख तुम्ही मागच्या अंकात केलात. लोक एका सायकलीला लाखांनी पैसे का मोजतात, ते कळत नाही. आमच्या पडवीत बाबांची १९७४ ची हर्क्युलस गंजत उभी आहे. बाबा तिच्यावरून टपाल वाटायचे. भंगारवाला किलोने मागतो. देऊन टाकावी का?
– स. र., वेंगुर्ले

उत्तर : सायकल देऊ नका. कारण सांगायचं तर आधी त्या दुपारबद्दल सांगावं लागेल.

२०१३ च्या एप्रिलमध्ये मी मुलीकडे ब्रिस्टलला होतो. ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेलं १८४० चं जुनं रेल्वे स्टेशन तिथे अजून आहे. त्याच्या मोठ्या लाकडी छताखाली हे प्रदर्शन भरलं होतं. जावयाने तासाभरासाठी म्हणून नेलं आणि संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. चकचकीत रंगाच्या सायकली खूप होत्या, पण मी खिळलो तो एका बिनरंगाच्या फ्रेमपाशी. मी रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळे माझी नजर आधी सांध्यावर जाते.

जुन्या पद्धतीच्या सायकलीच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे पोलादाची एक टोपी असते, तिला लग म्हणतात. नळी लगमध्ये बसवायची, ज्योतीने लाल करायची आणि कडेला पितळेची कांडी टेकवायची. पितळ साधारण ९०० अंशांला वितळतं, पोलादाला १,४०० च्या वर लागतात. म्हणून नळी शाबूत राहते आणि पितळ केसाएवढ्या फटीत आपण होऊन ओढलं जातं. हेच झाळकाम. त्या कारागिराने लगच्या कडा कानशीने घासून घासून इतक्या पातळ केल्या होत्या की डोळे मिटून अंगठा फिरवला तर लग कुठे संपली ते कळेना. पितळेची सोनेरी रेघ मात्र सगळ्या कडेने सारखी, कुठे तुटलेली नाही की ओघळलेली नाही. मला भरून आलं. आमच्याकडे पोरांचा सांधा हॅक्सॉने मधोमध कापून पितळ आतपर्यंत गेलंय का ते बघायचं आणि मगच मार्क द्यायचे, अशी माझी रीत होती. त्या सांध्यावर करवत चालवायला माझा हात धजला नसता.

पूर्ण सायकल साडेतीन हजार पौंडांची, तेव्हाच्या भावाने तीन लाखांच्या आसपास. पैसे कशाचे, तर त्या हातांचे आणि मापाचे. गिऱ्हाइकाच्या पायाची, हाताची, धडाची लांबी घेऊन एकाच माणसासाठी नळ्या कापतात. नळ्याही खास असतात, टोकांना जाड आणि मध्ये पातळ. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या कारखानदाराने या नळीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. वजन वाचतं आणि जिथे ताण येतो तिथे बळ राहतं.

आता तुमच्या पडवीत या. बाबांच्या सायकलीचा हँडलखालचा सांधा बघा. लगच आहे ना? आतून झाळलेलीच आहे. कारखान्यातली म्हणून जाड, पण जात तीच. पन्नास वर्षं खारा वारा आणि पाऊस खाऊन, टपालाच्या पिशव्या वाहून तो सांधा उभा आहे.

आधी फडक्याने पुसून सगळे सांधे उजेडात बघा. रंगाला केसासारखी चीर आणि तिच्यातून तपकिरी ओघळ दिसला, तर चांगल्या मेस्त्रीला दाखवल्याशिवाय कुणाला वर बसू देऊ नका. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या टोकाशी तर दोनदा बघा, तो तुटला तर माणूस तोंडावर आपटतो. वरचा गंज काही नाही, तो पॉलिशपेपरने निघतो. आपल्याकडे घात होतो तो आतून. सीटच्या नळीतून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि पायडलच्या आसापाशी साचतं. सीट काढून सायकल उलटी करा, आतून लाल पाणी आलं तर घाबरू नका. चार दिवस उन्हात वाळू द्या. मग रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, पेलाभर त्या नळीत ओता, फ्रेम सगळीकडे कलती करा आणि उरलेलं निथळू द्या. ते आत सुकून पापुद्रा धरतं. तेलाची फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

पायडलची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी पाचर, अडकलेली असणारच. तिच्यावर सरळ हातोडा घालू नका, वाकली की निघत नाही. आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आसाखाली लाकडाचा भक्कम ठोकळा देऊन मारा. छर्रे सगळे नवे घाला, ते स्वस्त मिळतात.

हे सगळं मिरगाच्या आधी उरका, आणि सायकल पडवीच्या आतल्या भिंतीला लावा, पागोळ्यांपासून लांब.