जुन्या बातम्यांतला ‘इन्स्टंट’

जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायला घेतलीत, फार छान केलंत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तारखेपुढे ‘इन्स्टंट’ दिसलं की झटपट, तत्काळ असा अर्थ लावू नका. ‘१९ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची १९ तारीख. बहुतेकदा नुसतं ‘इन्स्ट.’ छापलेलं असतं. ‘अल्ट.’ म्हणजे गेला महिना, ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढचा. हे दोन लगेच सवयीचे होतात.

खरी मेख पुढे आहे. चालू महिना कुणाचा? छापणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा! ब्रिटिश आरमाराची फ्रान्स-स्पेनच्या आरमाराशी झालेली ट्रफाल्गरची लढाई घ्या. ब्रिटिश नौसेनानी कॉलिंगवूडचा खलिता लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राच्या ६ नोव्हेंबर १८०५ च्या जादा अंकात छापला गेला. शत्रूचं आरमार बंदरातून निघाल्याची खबर १९ इन्स्टंटला मिळाली आणि २१ इन्स्टंटला पहाटे ते दृष्टीस पडलं, असं त्यात आहे. अंकाची तारीख धरलीत तर लढाई बातमीच्याही नंतर जाऊन बसते. खलित्यावर मात्र २२ ऑक्टोबर घातलेलं आहे. तो ‘पिकल’ नावाच्या लहानशा जहाजातून इंग्लंडला पोचायलाच नोव्हेंबर उजाडला.

म्हणून आधी मजकुराच्या माथ्यावर किंवा तळाशी ‘कुठून, कधी’ लिहिलंय का ते शोधा, मगच तारीख टिपा. दुसऱ्या वर्तमानपत्रातून उचललेल्या बातमीत ही ओळ पुष्कळदा गळालेली असते, तिथे फार जपा. मूळ अंक हाती येईपर्यंत वहीत महिन्यापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या.