नवी मुंबईत रस्त्यावर पाणी मारण्यापलीकडे हवेसाठी सरकारचं काही धोरण आहे का?

आहे, आणि कागदावर तर भरपूर आहे. मेख मोजमापात आहे.

केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आणला. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरं त्यात आहेत. पुढे उद्दिष्ट वाढवून २०२५-२६ पर्यंत हवेतल्या धूलिकणांत ४० टक्के घट असं केलं. पण शहराची प्रगती तपासतात ती पीएम १० वर, म्हणजे मुख्यतः जाड धुळीवर. ती धूळ खाली बसवायला झाडणाऱ्या गाड्या आणि टँकर चालतात, त्यांची टेंडरंही झटपट निघतात. फुप्फुसात खोल शिरणारा पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक कण, येतो धुराड्यातून, डिझेलमधून, पेटवलेल्या कचऱ्यातून. त्याला टँकर काय करणार?

बरं, धुळीचं तरी धड होतं का? आमच्या घणसोलीत टँकर रस्ता भिजवून जातो आणि मागोमाग एखाद्या बांधकाम साइटच्या गेटातून काँक्रीटचा मिक्सर चिखलाने बरबटलेली चाकं घेऊन बाहेर पडतो. चाकं धुवायचा हौद गेटाच्या आतच आहे, कोरडा ठणठणीत. दुपारपर्यंत त्या चिखलाची पावडर होऊन ती आमच्या गॅलरीत.

रात्री एमआयडीसीकडून येणाऱ्या उग्र वासाची गोष्ट आणखी वेगळी. एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक, आठ प्रदूषकांवरून ठरतो. सॉल्व्हंटच्या वाफा त्यात धरलेल्याच नाहीत. म्हणून ॲपवर 'मध्यम' दिसतं आणि आपण खिडक्या लावून घेतो.

माझ्या मते चालतं ते उगमापाशी हात घालणारं धोरण. एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे मानक लागू झालं, इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. त्यासाठी कुणा इन्स्पेक्टरला नाक्यावर उभं राहावं लागलं नाही. दुसरं उदाहरण सुरतचं. तिथे २०१९ पासून कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धुरावर मिळून एकच मर्यादा घातली, धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली आणि धूर सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली. धूलिकणांचं उत्सर्जन २० ते ३० टक्के घटलं. आपल्याकडच्या तळोजा आणि टीटीसी या औद्योगिक पट्ट्यांत हे करून बघायला काय हरकत आहे?

तोवर तक्रार करायचीच तर साइटच्या धुळीची महापालिकेकडे आणि कारखान्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. वासाच्या तक्रारीत वेळ आणि वारा कुठून येत होता हे जरूर लिहा. नुसतं 'फार वास येतो' म्हटलं की फाइल तिथेच बंद होते.