पुरस्कार, पारितोषिक, किताब : कुठं काय लिहावं?

अमळनेरच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्यावर तो कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहितो आहे. कारकिर्दीतल्या मानसन्मानांच्या परिच्छेदात चार ओळींत ‘पुरस्कार’ सहा वेळा आला. शिवाय ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्काराबद्दलचं ‘ग्रॅमी भेटला’ हे त्याचं वाक्य सरांनी लाल शाईनं खोडलं. सगळ्याला पुरस्कारच म्हणायचं का, आणि ‘भेटला’ खरंच चूक आहे का, असं त्यानं विचारलं आहे.

सगळ्याला पुरस्कार म्हणायची काहीच गरज नाही. आपल्याकडे इतके नेमके शब्द आहेत की एकाच शब्दावर सगळं ओझं टाकलेलं पाहून मला वाईट वाटतं.

पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, म्हणून तर आपण ‘समतेचा पुरस्कार केला’ असं म्हणतो. पुरस्कर्ता म्हणजेही एखाद्या मताची बाजू घेणारा, बक्षीस वाटणारा नव्हे. एखाद्याला चारचौघांत पुढे आणून बसवणं हा या शब्दाचा गाभा. पारितोषिक परितोषातून आलं, त्यात देणाऱ्याचा संतोष आहे. व्यवहारात आपण ते स्पर्धेला आणि क्रमांकाला जोडलं, पण नोबेलला कुणी स्पर्धेत उतरत नाही, तरी ‘नोबेल पारितोषिक’ रूढ झालं. त्याच चालीवर स्टॉकहोमचं पोलर संगीत पारितोषिक लिहा. क्वीनला ते २०२५ मध्ये मिळालं.

बक्षीस मात्र इथं टाळा. आपल्याकडच्या वरातीत नवरदेवावरून नोट ओवाळून बँडवाल्याच्या हातात देतात, ते बक्षीस. फारसीतून आलेल्या या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीला तो शोभतो, पण पन्नास वर्षांच्या वादनाला थिटा पडतो.

आता ग्रॅमी. लेखात ‘ग्रॅमी जिंकला’ असं एक वाक्य आहे, ते आधी बदला. स्पर्धेतला ग्रॅमी क्वीनला कधीच मिळाला नाही. नामांकनं झाली (‘मानांकनं’ नव्हे, मानांकन म्हणजे दर्जा किंवा क्रम ठरवणं, जसं आयएसओ मानांकन), पण जिंकणं झालं नाही. २०१८ मध्ये मिळाला तो ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार. तो सदस्यांच्या मतदानातून नव्हे, तर ग्रॅमी देणाऱ्या अकादमीच्या विश्वस्तांच्या निर्णयातून येतो. जिथं समोर प्रतिस्पर्धी नाही तिथं ‘जिंकला’ हे क्रियापद बसत नाही. ‘जीवनगौरव’ हा शब्द मला फार आवडतो. एखाद्या गाण्याचं नव्हे, तर आख्ख्या आयुष्याचं मोल त्यात येतं.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या संगीतकारांच्या गौरवदालनात क्वीन २००१ मध्ये गेलं. पहिली ध्वनिमुद्रिका निघून पंचवीस वर्षं झाल्याशिवाय तिथं विचारच होत नाही. याला पुरस्कार म्हणणं मला पटत नाही, कारण तिथं नाव कायमचं नोंदलं जातं. ‘हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला’ हे सरळ मराठी आहे. थोडं रंगवायचं असेल तर ‘मानाचं पान मिळालं’ लिहा.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘सर’चा होतो. मे यांना २००५ मध्ये ब्रिटनचा सीबीई (कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर) मिळाला. तो सन्मान आहे, त्यानं नावाआधी ‘सर’ लागत नाही. ते लागलं २०२३ च्या नववर्षाच्या ब्रिटिश सन्मानयादीतून. ‘सर’ हा किताब. हा किताब म्हणजे पुस्तक नव्हे. अरबी ‘खिताब’चं ते मराठीत झालेलं रूप आहे, आणि आपल्याकडे कुस्तीनं ते जिवंत ठेवलं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला, तेव्हा कुणी ‘पुरस्कार मिळवला’ म्हणालं नाही. हा सर पहिल्या नावाला जोडतात, ‘सर ब्रायन’ असा. आपला ‘पाटील सर’ आडनावामागून येतो, म्हणून ‘मे सर’ किंवा ‘सर मे’ लिहू नका.

किताब नावाला चिकटतो, पुरस्कार चिकटत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदानं किताब देणं बंद केलं, आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, ते नावाआधी लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. तरी आपल्याकडच्या पत्रिकांत ‘पद्मश्री’ नावाआधी छापलेलं दिसतंच. लोकांनी प्रेमानं दिलेली उपाधी मात्र नावाला चिकटते, कधी नावच होऊन बसते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हटलं गेलं. आज ठोंबरे म्हटलं तर किती जणांना कळेल?

‘पदवी’ हा शब्द मी ‘सर’साठी वापरणार नाही. पूर्वी रावबहादूर ही पदवी म्हणत, पण मे यांनी साठीच्या उंबरठ्यावर, २००७ मध्ये खगोलभौतिकीतली पीएच.डी. पूर्ण केली. सत्तरच्या दशकात बँडसाठी अर्धवट सोडलेला प्रबंध होता तो. पदवी हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवा, आणि तिथं ‘मिळाली’ऐवजी ‘मिळवली’ लिहा.

राहिला ‘भेटला’. प्रमाण मराठीत ‘मिळाला’ लिहितात, वार्षिकांकात तेच लिहा. पण ‘भेटला’ हे अडाणी मराठी आहे असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. मिळणं म्हणजे मुळात एकत्र येणंच. गिरणा तापीला मिळते ती काही घ्यायला नव्हे. आणि प्रमाण मराठीतल्या ‘भेट’ या नामाला गाठ आणि नजराणा असे दोन्ही अर्थ आहेतच की! नामाला चालतं ते क्रियापदाला खान्देशात चाललं, इतकंच झालं आहे. अहिराणीत ‘त्याले इनाम भेटनं’ म्हणतात, ते त्या भाषेत पूर्ण शुद्ध आहे. लेखात दोन मित्रांचा संवाद घालणार असाल, तर त्यांच्या तोंडी ‘भेटला’च राहू द्या, आणि सरांना वरची गिरणा-तापी दाखवा.