चार जणांच्या स्टार्टअपने टेक आणि डिझाइन कॉन्फरन्सला स्टॉल घ्यावा, की नुसतं जाऊन यावं?

तुम्ही लिहिलंय की टीम चार जणांची आहे, प्रॉडक्ट अजून बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात आहे, आणि मोठ्या कॉन्फरन्सला स्टॉल घ्यायचा की नाही यावर तुमच्यात एकमत होत नाहीये. माझं मत सरळ आहे: जरूर जा, पण बीटामध्ये असताना स्टॉल घेऊ नका.

मी अशाच छोट्या टीममध्ये डिझाइनचं काम करते. स्टॉल घेतला की दोन माणसं दिवसभर तिथे खिळून राहतात. येणारे-जाणारे स्टिकर उचलतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा चाळून बघा, त्यातली निम्मी तुम्हालाच काहीतरी विकायला आलेल्यांची निघतात.

स्टॉलच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा ट्विटरचा दाखला देतात. २००७ साली अमेरिकेत ऑस्टिनला ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या कॉन्फरन्समध्ये ट्विटरने जोर पकडला, हे खरंच आहे, रोजचे ट्वीट तिथे साधारण २० हजारांवरून ६० हजारांवर गेले. पण त्यांनी भर दिला तो स्टॉलवर नव्हे. सत्रं संपल्यावर लोक जिथे रेंगाळतात त्या पॅसेजमध्ये त्यांनी मोठे स्क्रीन लावले आणि त्यावर तिथल्याच लोकांचे ट्वीट दाखवले. शिवाय ट्विटर २००६च्या जुलैपासून सगळ्यांसाठी खुलं होतं आणि आलेल्यांपैकी बरेच जण ते आधीच वापरत होते. म्हणजे चालू असलेल्या गोष्टीला तिथे वेग मिळाला. जे अजून चालतच नाही, ते कॉन्फरन्समुळे चालायला लागत नाही.

मग बीटावाल्यांनी तिथे जाऊन करायचं काय? अनोळखी माणसाच्या हातात आपलं प्रॉडक्ट द्यायचं आणि गप्प बसायचं. कॉफीच्या रांगेत शेजारच्याला म्हणा, ‘दोन मिनिटं आहेत का? यात एक नोंद करून दाखवाल?’ त्यानंतर एक शब्द बोलू नका, फक्त त्याची बोटं बघा. आमच्या ॲपमध्ये ‘जतन झालं’ हा मेसेज स्क्रीनच्या तळाशी क्षणभर येऊन जायचा. एका बाईंनी फोन एका हातात धरून बटण दाबलं, मेसेज नेमका त्यांच्या अंगठ्याखाली उमटला आणि नाहीसा झाला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘झालं का सेव्ह?’ पुढच्या माणसाने हेच केलं, त्याच्या पुढच्यानेही. एकच नोंद दोनदा का येते याचं उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधणं चालू होतं, ते त्या रांगेत मिळालं. एवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा तिकीट काढेन.

हा डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, यावर अडून बसा. २०१०च्या जूनमध्ये आयफोन ४ दाखवताना खुद्द स्टीव्ह जॉब्स यांचं वेबपेज उघडेना. सभागृहात ५७० वाय-फाय बेस स्टेशन चालू आहेत असं सांगून त्यांना प्रेक्षकांना वाय-फाय बंद करायची विनंती करावी लागली. नमुन्याचा डेटा फोनमध्येच भरून न्या.

दुसरी गोष्ट, बोलायची संधी मागा. प्रस्ताव बहुतेक ठिकाणी कित्येक महिने आधी मागवतात आणि वक्त्याला प्रवेश सहसा मोफत असतो. प्रॉडक्टची जाहिरात करणारा प्रस्ताव नाकारला जातो आणि ते योग्यच आहे. तुम्हाला कोणती अडचण आली, काय करून पाहिलं, आकडे किती बदलले, हे सांगा. पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉकसुद्धा पुरतो, कारण त्यानंतर लोक आपणहून तुमच्याकडे येतात. तुमचा कोड ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला असेल तर ब्रुसेल्सच्या फॉसडेम या कॉन्फरन्सकडे जरूर बघा. तिथे तिकीट नाही, नोंदणीही नाही.

जायचं तर दोघांनी जा, एक कोड लिहिणारा आणि एक डिझाइन करणारा. डेव्हलपरला डिझाइनच्या सत्रात बसवा आणि डिझायनरला तांत्रिक सत्रात. जी व्याख्यानं नंतर रेकॉर्डिंगवर मिळणार असतील ती सोडा आणि तो वेळ पॅसेजमध्ये काढा. मागे राहिलेल्या दोघांनी त्या आठवड्यात नवीन रिलीज मुळीच करू नये.

एक गोष्ट मात्र निघण्याआधीच बघा. प्रॉडक्टमध्ये पेटंट घेण्यासारखं काही असेल तर आधी अर्ज करा, मगच दाखवा. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो, युरोपात मात्र तुम्ही स्वतः जाहीर डेमो दिलात तरी पेटंटसाठी लागणारं नावीन्य गेलं असंच धरतात. आणि गोपनीयतेच्या करारावर कॉफीच्या रांगेत कोणी सही करत नाही.

स्टॉलचा आग्रह धरणारा तुमचा सहकारी अगदीच चुकीचा आहे असं नाही, फक्त त्याने जागा वेगळी निवडावी. टेक कॉन्फरन्सला येतात ते बहुतेक आपल्यासारखेच, प्रॉडक्ट बनवणारे. तुमचं सॉफ्टवेअर दातांच्या डॉक्टरांसाठी असेल तर दंतवैद्यांच्या परिषदेत स्टॉल घ्या, तोही पैसे देऊन वापरणारे चार-पाच डॉक्टर हाताशी आल्यावर. त्यातल्या एखाद्याला तासभर स्टॉलवर थांबायची विनंती करा. दुसऱ्या डॉक्टरच्या प्रश्नांना तो जी उत्तरं देईल ती तुम्हा चौघांपैकी कोणालाच देता येणार नाहीत.