‘प्रचंड’ म्हणजे नुसते मोठे नव्हे

प्रश्न असा आला आहे: नेपाळचे पुष्पकमल दहाल यांच्या नावापुढे ‘प्रचंड’ लिहितात, ते आडनाव आहे का? आणि निवडणुकीच्या बातम्यांत ‘प्रचंड विजय’ आणि ‘प्रचंड पराभव’ दोन्ही चालतात का?

आडनाव दहाल. प्रचंड हे भूमिगत चळवळीतले टोपणनाव. 1996 ते 2006 या सशस्त्र संघर्षाच्या काळात ते जगभर पोचले, आणि 2001 मध्ये त्यांच्या माओवादी पक्षाने आपल्या विचारसरणीलाच ‘प्रचण्डपथ’ म्हटले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले.

दुसऱ्याने मात्र डोके तापते. हल्ली ‘प्रचंड शांतता’, ‘प्रचंड गोड’, ‘प्रचंड थंडी’ असे काहीही कानावर पडते. जणू ‘खूप’ हा शब्द मराठीतून हद्दपार झाला आहे! प्रचंडमध्ये आकार नाही, दाह आहे. ‘प्र’ उपसर्ग बाजूला ठेवला की उरतो चंड. चंडांशु म्हणजे सूर्य, ज्याचे किरण भाजतात तो. अमरकोशात ‘चण्डस्त्वत्यन्तकोपनः’ असे आहे, म्हणजे अतिशय रागीट. या दोन अर्थांतला आधीचा कोणता? धातुपाठवाले, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी प्रमाण मानणारे, ‘चडि कोपे’ असा धातू दाखवून राग आधीचा ठरवतात. मला हे मुळीच पटत नाही. शब्द आधी होता, त्याची सोय लावायला धातू मागाहून बसवला. माणूस आधी तापतो, पेटतो, भडकतो, मग आपण त्याला रागावला म्हणतो. उष्णतेकडून रागाकडे जाणारी वाट मराठीत रोज वापरात आहे.

आणि उष्णता मूळची धरली की खरी गंमत सुरू होते. चंड आणि चंद्र हे सख्खे भाऊ ठरतात! मोनियर विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात ही व्युत्पत्ती ‘बहुधा’ म्हणून दिली आहे. मी तो ‘बहुधा’ काढून टाकीन. चंद्र म्हणजे मुळात झळकणारा. त्याचे जुने रूप ‘श्चन्द्र’, हरिश्चंद्र या नावात ते अजून शाबूत आहे. वैयाकरण तिथे सुट् आगम झाला, म्हणजे मध्ये जादा ‘स्’ घातला गेला, असे सांगतात. तो आगम नव्हे, तो मूळचा वर्ण आहे, आणि पाणिनीला वेगळे सूत्र करून तो सांभाळावा लागला. रकाराच्या शेजारी दंत्य वर्ण (त, द, न) मूर्धन्य (ट, ड, ण) होतो, हे ‘वर्धते’चे ‘वाढते’ झाले त्यात दिसतेच. तसाच ‘न्द्र’चा ‘ण्ड’ झाला. काही भाषाशास्त्रज्ञ चंड द्राविड भाषांतून आला असे मानतात. घरातच इतके जवळचे नाते दिसत असताना बाहेर कशाला जायचे? ऋतुसंहाराचा पहिलाच श्लोक ‘प्रचण्डसूर्यः स्पृहणीयचन्द्रमाः’ असा सुरू होतो. एक भाऊ भाजतो, दुसरा हवाहवासा वाटतो.

याच कुळातले लॅटिन क्रियापद ‘कान्देरे’, म्हणजे झळकणे. त्यावरून ‘कान्दिदुस’, म्हणजे लखलखीत पांढरा. रोममध्ये पदासाठी मते मागणारे लोक खडूने पांढरा केलेला टोगा हा झगा घालून हिंडत, म्हणून ते ‘कान्दिदातुस’, आणि त्यावरून इंग्रजीतला कँडिडेट. म्हणजे ‘प्रचंड’ हे निवडणुकीच्या कँडिडेटचे भाऊबंदच! आपला ‘उमेदवार’ फारसी उमेदीतून आला, त्याचा या घराण्याशी संबंध नाही.

आता विजय-पराभव. 2008 च्या संविधानसभेत निवडून आलेल्या 575 जागांपैकी दहाल यांच्या माओवादी पक्षाला 220 मिळाल्या, आणि दहाल स्वतः काठमांडू-10 व रोल्पा-2 अशा दोन्ही ठिकाणी जिंकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत भूमिगत असलेला माणूस 464 विरुद्ध 113 मतांनी शेर बहादुर देउबांना हरवून पंतप्रधान झाला. राजकारण मुळापासून ढवळून काढणाऱ्या या विजयाला प्रचंड म्हणा, माझी हरकत नाही. त्यात धग होती.

2013 ला त्याच काठमांडू-10 मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेले, नेपाळी काँग्रेसचे राजेंद्र केसी जिंकले, आणि सिराहा-5 ने दहाल यांना थोडक्यात तारले. पक्ष 80 जागांवर आला. याला प्रचंड पराभव म्हणू नये. दारुण म्हणावे: दारु म्हणजे लाकूड, त्यावरून कठोर, मग भयंकर. हरणाऱ्याला जे सोसावे लागते त्याला हाच शब्द शोभतो. पुढे ते 2017 ला चितवन-3 मधून आणि 2022 ला गोरखा-2 मधून निवडून आले, पण पक्षाच्या जागा 53 आणि मग 32 इतक्याच राहिल्या. 2023 च्या जानेवारीत विश्वासदर्शक ठरावावर 270 पैकी 268 मते त्यांच्या बाजूने पडली. तिथेही ‘प्रचंड बहुमत’ नको. जवळपास सगळेच पाठीशी उभे राहिले, झुंज कुठेच नव्हती. पीक आणि मते भरघोस असतात, तिथे भरघोसच लिहावे. 12 जुलै 2024 ला त्यांच्या बाजूने 63 आणि विरोधात 194 मते पडली व सरकार गेले. त्या बातमीला नुसते ‘मोठ्या फरकाने’ पुरेसे आहे.