वाचकांचे प्रश्न : कड्यातली घरे आणि वाळवंटातले सुळके

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून माझे सासू-सासरे (वय ६६ आणि ७१) येत आहेत. मुले ९ आणि १३ वर्षांची आहेत. सात दिवसांत गाडीने आर्चेस (नैसर्गिक दगडी कमानींचे उद्यान), मॉन्युमेंट व्हॅली, कॅन्यन डि शे ही दरी, चाको (प्राचीन वस्तीचे अवशेष) आणि कड्यातल्या प्राचीन घरांसाठी प्रसिद्ध असलेले मेसा व्हर्डे पाहावे, जमेल तिथे पायी हिंडावे, असा विचार आहे. हे झेपेल का? सासऱ्यांनी अजिंठा-वेरूळ अनेकदा पाहिले आहे. मेसा व्हर्डेची वस्ती लोकांनी का सोडली, असे ते सारखे विचारतात. (एक वाचक, कोलोरॅडो)

उत्तर : या खेपेला आर्चेस आणि चाको वगळावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आर्चेसला आपल्याला पुन्हा केव्हाही जाता येईल. चाकोचे महत्त्व मोठे आहे, पण तिथे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा असून आत खाण्यापिण्याची किंवा पेट्रोलची सोय नाही, आणि वडीलधाऱ्यांना घेऊन तो प्रवास घाईघाईने उरकण्यात अर्थ नाही.

मेसा व्हर्डेजवळच्या कोर्टेझ गावात तीन मुक्काम करावेत आणि त्यांतले दोन पूर्ण दिवस मेसा व्हर्डेला द्यावेत, कारण प्रवेशद्वारापासून मुख्य वस्त्यांपर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने जायलाच पाऊण ते एक तास लागतो. कड्याच्या कपारीत बांधलेला, सुमारे १५० खोल्यांचा क्लिफ पॅलेस रेंजरबरोबरच (उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबर) आतून पाहता येतो आणि त्याची तिकिटे आधीच काढावी लागतात. तिथे उंचसखल दगडी पायऱ्या आणि आठ-दहा फुटांच्या काही शिड्या आहेत. शिवाय सगळे पठार ७,००० फुटांच्या वर असल्याने पुण्याहून नुकत्याच आलेल्या माणसाला दम लागणारच. गुडघे साथ देत नसतील, तर वरच्या कठड्यावरून दिसणारे दृश्यही समाधान देणारे आहे. बाल्कनी हाउस या कड्यातल्या दुसऱ्या वस्तीत मात्र ३२ फुटांची शिडी चढून पुढे १२ फूट लांबीच्या अरुंद भुयारातून रांगत जावे लागते. ते मुलांसाठी राखून ठेवावे आणि त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एकानेच जावे.

तिसऱ्या दिवशी होव्हनवीपला जावे. लहानशा दरीच्या काठावर उभे असलेले चौकोनी आणि गोल दगडी बुरूज दोन मैलांच्या फेरीत अगदी जवळून पाहता येतात, आणि गर्दी नसल्याने त्या बांधकामाचा सांधा न् सांधा शांतपणे न्याहाळता येतो. मला स्वतःला हे ठिकाण प्रसिद्ध जागांपेक्षाही प्रिय आहे.

मॉन्युमेंट व्हॅलीच्या नावातला ‘मॉन्युमेंट’ म्हणजे कुणाचे स्मारक नव्हे. ते वाळूच्या खडकाचे, वारा-पाण्याने झिजून उरलेले सुळके आहेत. होव्हनवीप (१९२३) आणि कॅन्यन डि शे (१९३१) ही मात्र सरकारी अर्थाने ‘राष्ट्रीय स्मारके’ आहेत, कारण १९०६ च्या कायद्याने अशा जागा राखून ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या भूमीत असून तिचा कारभारही तेच पाहतात, म्हणून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. १७ मैलांचा कच्चा रस्ता स्वतःच्या गाडीने करण्यापेक्षा नवाहो वाटाड्याच्या गाडीतून करावा. पायी फिरायचे असल्यास वाइल्डकॅट ही सुमारे चार मैलांची वाट खुली आहे ना याची खात्री करून पहाटेच निघावे. कॅन्यन डि शेच्या तळाशी आजही नवाहो कुटुंबे राहतात, शेती करतात; त्यामुळे खाली वाटाड्याबरोबरच उतरता येते, पण काठावरची दृश्ये कुणालाही पाहता येतात. घड्याळाचीही काळजी घ्यावी, कारण उन्हाळ्यात नवाहो भूमीतली वेळ उर्वरित ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते. पाणी माणशी रोज चार लिटर हवेच, आणि चालणे सकाळी दहाच्या आत संपवावे.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. कड्यातली बहुतेक घरे ११९० ते १२८० या दरम्यान बांधली गेली आणि १३०० च्या सुमारास ती ओस पडली. झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून १२७६ ते १२९९ असा दीर्घ दुष्काळ पडल्याचे कळते. परंतु याआधीचे दुष्काळ याच लोकांनी सोसले होते, त्यामुळे कस गेलेली जमीन, सरलेले सरपण आणि आपसातले संघर्ष यांचाही अभ्यासक विचार करतात. मात्र ते लोक ‘नाहीसे झाले’ हे जुने वाक्य मुलांच्या कानावर पडू देऊ नये. ते दक्षिणेकडे गेले, आणि होपी, झुनी व रिओ ग्रांडे नदीकाठचे प्वेब्लो हे आजचे मूळनिवासी लोक त्यांचेच वंशज आहेत. या पूर्वजांना दिलेले ‘अनासाझी’ हे नाव नवाहो भाषेतले असून वंशजांपैकी अनेकांना ते रुचत नाही; म्हणून ‘प्वेब्लोंचे पूर्वज’ असेच म्हणावे.

अजिंठ्याची लेणी भिक्खूंसाठी डोंगर कोरून काढलेली आहेत. इथे कड्यातल्या नैसर्गिक कपारीत दगड-मातीने घरे बांधलेली आहेत आणि त्यांत बायकामुलांसह संसार झाले. कपारीच्या छतावरची चुलींची काजळी अजून दिसते, आणि मका दळण्याचे दगड तर आपल्या पाटा-वरवंट्याच्याच जातीचे आहेत. सासूबाईंना ते आवर्जून दाखवावेत. वाटेत खापराचा तुकडा दिसला, तर मुलांनी तो वाकून पाहावा आणि जिथे आहे तिथेच राहू द्यावा. तो उचलून नेणे हा गुन्हा आहे, आणि ज्यांच्या पणज्यांनी ते मडके घडवले ती माणसे आजही इथून फार दूर राहत नाहीत.